घरच्या वाय-फायचे कुलूप

आता गावातल्या पुष्कळ घरांत भिंतीवर एक लहानशी पेटी दिसते. तिला दोन-तीन शिंगे असतात. पुढच्या बाजूला बारीक दिवे लुकलुकतात. या पेटीला राउटर म्हणतात. कोणी नुसते "वाय-फाय" म्हणतात, कोणी "नेटचा डबा" म्हणतात. नाव काही असो, काम एकच.

रस्त्यावरच्या खांबावरून एक बारीक वायर घरात येते आणि या पेटीत शिरते. पुढे वायर नाही. पुढचे काम हवेतून चालते. पेटी लहरी सोडते, तुमचा फोन त्या झेलतो. फोन लहरी सोडतो, पेटी त्या झेलते. मुलगा ओसरीवर बसून शाळेचा पाठ पाहतो. सून आतल्या खोलीत माहेरी बोलते. तुम्ही अंगणात खाट टाकून बाजारभाव पाहता. सारे एकाच पेटीवर.

पण लहरी तुमच्या भिंतीपाशी थांबत नाहीत. ज्या लहरी अंगणात पोचतात, त्या रस्त्यावरही पोचतात. समोरच्या पारावर पोचतात. शेजारच्या माडीवर पोचतात. घराला दार आहे, दाराला कडी आहे, पण या लहरींना दार नाही. म्हणून त्यांना वेगळे कुलूप लागते. हे कुलूप लोखंडाचे नसते. ते पेटीतच असते आणि आपल्याला ते निवडावे लागते. कोणते कुलूप खरे आणि कोणते नावापुरते, ते या धड्यात पाहू.

कुलूप नसले तर काय होते?

आमच्या वर्गात हा प्रश्न हटकून येतो. एखादे दादा म्हणतात, "आमच्या घरात चोरण्यासारखे आहे काय? महिन्याचे पैसे ठरलेले आहेत. शेजारच्याने चार घोट घेतले म्हणून विहीर आटते थोडीच?"

बोलणे मनाला पटते. शेजारधर्म आपल्याकडे मोठा आहे, तो असावाही. पण येथे प्रश्न पाण्याचा नाही. प्रश्न नावाचा आहे.

तुमच्या पेटीतून जे काही बाहेर जाते, ते तुमच्या नावावर जाते. पेटीचे कनेक्शन घेताना तुम्ही आधार कार्ड दिले, पत्ता दिला, सही केली. कंपनीच्या दप्तरी तुमचे नाव लागले. आता कोणी अनोळखी माणूस तुमच्या घरामागे उभा राहिला, तुमच्या पेटीला जोडून घेऊन त्याने कोणाला धमकी पाठवली किंवा कोणाचे पैसे लुबाडले, तर माग कोठे निघतो? तुमच्या दारी निघतो. त्या माणसाचा फोन कंपनीला दिसत नाही. तिला तुमची पेटी दिसते.

ही भीती घालण्याची गोष्ट नव्हे. आपल्या महाराष्ट्रात हे घडलेले आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद शहरात एकामागून एक बॉम्बस्फोट झाले. पुष्कळ माणसे मेली. स्फोटांच्या थोडाच वेळ आधी वृत्तवाहिन्यांना धमकीची ई-मेल गेली होती. पोलिसांनी त्या ई-मेलचा माग काढला. तो माग नवी मुंबईतल्या एका घराच्या वाय-फायपाशी येऊन थांबला. त्या घरातल्या माणसाने ती ई-मेल पाठवली नव्हती. तरी पोलीस त्याच्याच दारी आले. चौकशी त्याचीच झाली. पुढे १३ सप्टेंबर २००८ रोजी दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाची ई-मेल मुंबईत चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून गेली होती. तेथेही तोच प्रकार. वाय-फाय एकाचे, करणी दुसऱ्याची.

त्यानंतर, २००९ साली, सरकारच्या दूरसंचार खात्याने इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांना वाय-फाय सुरक्षित ठेवण्याबद्दल सूचना काढली. पण कंपनीचा माणूस पेटी बसवतो आणि जातो. नंतर पेटी आपल्या हाती. कुलूप नीट आहे की नाही, हे पाहणे आपलेच काम.

येथे एक गोष्ट खरी-खरी सांगितली पाहिजे. काही लोक म्हणतात, वाय-फाय उघडे राहिले तर बँकेतले पैसे हवेतून उडून जातील. तसे सहसा होत नाही. बँकेच्या ॲपला स्वतःचे वेगळे कुलूप असते. फोनमधून निघतानाच तो मजकूर बंद पाकिटात जातो. लहरी ऐकणाऱ्याला पाकीट दिसते, आतले पत्र दिसत नाही. मात्र पेटीच परक्या माणसाच्या ताब्यात गेली, तर वेगळा धोका येतो. तो पुढे सांगू.

कुलपांच्या जाती

पेटीच्या आत एक पान असते. त्याला सेटिंगचे पान म्हणतात. त्यात "सिक्युरिटी" असा शब्द असतो. त्यावर बोट ठेवले की कुलपांची नावे खाली उघडतात. ही नावे इंग्रजीत असतात. तुम्ही आत्ताच मराठी वाचू लागला आहात, इंग्रजीची अजून सवय नाही. त्याची लाज नको. घरातल्या शाळकरी मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा. बोटे त्याची, निर्णय तुमचा.

पहिले नाव "ओपन" असते. म्हणजे दार सताड उघडे. हे कधीच नको.

दुसरे "वेप". ते डब्ल्यू, ई, पी अशा तीन अक्षरांनी लिहितात. १९९७ साली वाय-फायचे पहिले नियम ठरले, त्यांतच हे कुलूप होते. लहानपणी आपण "च"ची भाषा बोलत होतो, आठवते का? "कमळ" म्हणायचे असले की पहिले अक्षर शेवटी न्यायचे, त्याच्या जागी "च" आणायचा आणि "चमळक" म्हणायचे. मोठ्या माणसांना कळू नये म्हणून ही भाषा. पण मोठी माणसे दोन दिवस ओट्यावर बसून ऐकत राहिली की त्यांना सगळे कळू लागायचे. वेपचे तसेच झाले. २००१ साली जाणकारांनी दाखवून दिले, की या कुलपाच्या लहरी पुरेसा वेळ ऐकल्या की त्याची किल्ली आपोआप हाती येते. आज ते काम मिनिटांचे आहे. जुनी पेटी असेल आणि तिच्यात याहून चांगले कुलूपच नसेल, तर ती पेटी बदला. पाचशे-हजार रुपये वाचवण्यात अर्थ नाही.

२००३ साली "डब्ल्यूपीए" आले. ते घाईघाईत केलेले ठिगळ होते. जुन्या पेट्या फेकाव्या लागू नयेत म्हणून ते काढले. ठिगळ ते ठिगळच. तेही आता नको.

२००४ साली "डब्ल्यूपीए-टू" आले. हे कुलूप पहिल्यापासून नीट विचार करून बनवलेले. यात मजकूर उलटापालटा करण्याची जी रीत आहे, तिला "एईएस" म्हणतात. बँकाही तीच रीत वापरतात. आज बहुतेक घरांत हेच कुलूप असते आणि पासवर्ड चांगला असेल तर ते पुरते.

२०१८ साली "डब्ल्यूपीए-थ्री" आले. हे त्याहून चांगले. का चांगले, ते पासवर्डच्या भागात कळेल.

मग निवडायचे कोणते? तुमच्या पेटीत आणि सगळ्या फोनांत "थ्री" चालत असेल तर "थ्री" निवडा. घरात एखादा जुना फोन किंवा जुना टीव्ही असेल, तर तो "थ्री"ला जोडला जात नाही. तेव्हा "टू आणि थ्री" असे जोडनाव दिसते, ते निवडा. तेही नसेल तर "डब्ल्यूपीए-टू" निवडा आणि त्याच्यापुढे "एईएस" आहे ना, हे पाहा. "टीकेआयपी" असे लिहिले असेल तर ते जुन्या ठिगळाचे नाव. ते नको. "पर्सनल" किंवा "पीएसके" लिहिलेले असते ते घरासाठी. "एंटरप्राइज" हे मोठ्या कचेऱ्यांसाठी. त्याच्या वाटेला जाऊ नका, उगाच अडकून पडाल.

नावापुरती कुलपे

काही हुशार लोक दुसरेच सांगतात. म्हणतात, "वाय-फायचे नाव लपवून ठेवा. नाव दिसलेच नाही तर जोडणार कोण?" पण घरावरची नावाची पाटी काढली म्हणून घर दडत नाही. नाव लपवले की तुमचा स्वतःचाच फोन ते नाव घेऊन हाका मारत फिरतो, "अमुक वाय-फाय आहे का? अमुक वाय-फाय आहे का?" ऐकणाऱ्याला आयतेच कळते.

दुसरा उपाय यादीचा. प्रत्येक फोनला एक क्रमांक असतो. तेवढेच क्रमांक पेटीत लिहायचे, बाकीच्यांना बंदी. ऐकायला छान वाटते. पण हे क्रमांक हवेत उघडेच फिरतात. दुसऱ्याला ते ऐकून आपल्या यंत्राला लावता येतात. शिवाय हल्लीचे फोन आपला क्रमांक स्वतःच बदलून सांगतात. मग होते काय, की चोर आत आणि घरचा माणूस बाहेर! आमच्या मते या दोन्ही गोष्टींत वेळ घालवू नये.

किल्लीचा शब्द

आता मुख्य गोष्ट. कुलूप कितीही चांगले असो, किल्ली जर दाराच्या वरच्या फळीवरच ठेवली तर उपयोग नाही. वाय-फायची किल्ली म्हणजे पासवर्ड. तो निदान ८ अक्षरांचा असावा लागतो, आणि ६३ अक्षरांपर्यंत लांब ठेवता येतो. लोक आठावरच थांबतात, येथेच चुकते.

आपल्याकडे पासवर्ड कसे असतात? स्वतःचा मोबाइल नंबर. मुलाचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन. कुलदैवताचे नाव. मोटरसायकलचा नंबर. हे सगळे गावाला पाठ असते. पण समजा, चोर गावचा नाही. त्याला काहीच ठाऊक नाही. तरीही तो ताडू शकतो. कसे, ते पाहा.

तुमचा फोन पेटीला जोडला जातो तेव्हा दोघे एकमेकांची ओळख पटवून घेतात. पासवर्ड उघडा बोलला जात नाही, पण ओळखीची बोलणी हवेतून होतात. डब्ल्यूपीए-टूमध्ये चोर ही बोलणी टिपून घेतो आणि घरी नेतो. घरी संगणकाला बसवतो आणि एकेक शब्द लावून पाहतो. हा शब्द जुळतो का? तो जुळतो का? पेटीला याचा पत्ताही नसतो. चांगला ताकदवान संगणक सेकंदाला वीस लाख शब्द लावून पाहू शकतो.

आता आपण हिशेब करू. पाटी-पेन्सिल घ्या. भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. म्हणजे असे नंबर जास्तीत जास्त ४०० कोटी. सेकंदाला २० लाख. चारशे कोटींना वीस लाखांनी भागा. उत्तर आले २००० सेकंद. त्याला ६० ने भागा. साधारण ३३ मिनिटे. भाकरी-कालवण होईपर्यंत तुमचा पासवर्ड त्याच्या हाती!

मग चांगला शब्द कोणता? एक शब्द नको, पाच शब्द घ्या. पाचांचा एकमेकांशी काही संबंध नसावा. मनाने शब्द निवडू नका, कारण मन ओळखीच्या वाटेनेच जाते. "शेत" म्हटले की पुढे "बैल" येतोच. एखादे जाडसे पुस्तक घ्या. डोळे मिटून पान उघडा आणि बोट ठेवा. बोटाखाली सापडेल तो शब्द घ्या. "आणि", "आहे" असले बारीक शब्द आले तर सोडून द्या, पुन्हा बोट ठेवा. असे पाच वेळा करा. समजा आले: कंदील, चिंच, वकील, पाऊस, सुतळी. हे पाचही इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, लहान अक्षरांनी लिहा. झाला पासवर्ड. (हे पाच शब्द मात्र तुम्ही घेऊ नका. हे पुस्तक साऱ्या वर्गाकडे आहे!)

याचाही हिशेब मांडू. समजा, चोराला ठाऊक आहे की तुम्ही शब्द जोडले आहेत. समजा, ते दोन हजार सोप्या शब्दांतलेच आहेत, हेही त्याला ठाऊक आहे. तरी चार शब्दांच्या सगळ्या जोडण्या लावून पाहायला त्याच संगणकाला सुमारे ९२ दिवस लागतील. पाचवा शब्द जोडला की एकदम ५०० वर्षे लागतील. एका शब्दाची किंमत केवढी, पाहा. चौथ्यावर थांबू नका, असे आम्ही म्हणतो ते याचसाठी.

डब्ल्यूपीए-थ्री येथे कामाला येते. त्यात ओळखीची बोलणी टिपून घरी नेली तरी फायदा नाही. प्रत्येक शब्द तुमच्या पेटीलाच विचारून पाहावा लागतो, तोही हळूहळू. म्हणून ते कुलूप चांगले. पण म्हणून त्यावर मोबाइल नंबर ठेवायचा, असे नव्हे. तुमचा नंबर ठाऊक असलेल्याला एकाच फेरीत तो उघडेल.

पासवर्ड वहीत लिहावा का? खुशाल लिहावा. आपले भांडण रस्त्यावरच्या अनोळखी माणसाशी आहे, घरच्या ट्रंकेशी नाही. बँकेच्या पासबुकाबरोबर ती वही ठेवा. लिहिताना इंग्रजी अक्षरे जशीच्या तशी उतरवा. "चिंच" शेवटी "ए" लावून लिहिली की न लावता, हे दोन महिन्यांनी आठवत नाही आणि मग घरात वादावादी होते. भिंतीवर मात्र खडूने लिहू नका. आम्ही तसेही पाहिले आहे, आणि तेही ओसरीवर, रस्त्यावरून दिसेल असे.

एका बटणाची मागची वाट

पुष्कळ पेट्यांवर एक बारीक बटण असते. त्याला "डब्ल्यूपीएस" म्हणतात. पासवर्ड टाइप करण्याचा त्रास नको म्हणून ही सोय काढली. बटण दाबले की फोन आपोआप जोडला जातो. याच सोयीत आठ आकड्यांची एक संख्याही असते. ती सांगितली तरी पेटी उघडते.

आठ आकडे म्हणजे दहा कोटी संख्या. दिसायला पुष्कळ झाल्या. पण २०११ साली यातली गोम उघडकीस आली. शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून काढता येतो. आणि पेटी आठही आकडे एकदम तपासत नाही. आधी चार तपासते आणि बरोबर की चूक ते सांगते. मग उरलेले तपासते. म्हणजे पहिल्या चारांसाठी जास्तीत जास्त १०,००० प्रयत्न आणि पुढच्या तीनांसाठी १,०००. एकूण ११,०००. दहा कोटींचे अकरा हजार झाले! यंत्राला हे काही तासांचे काम. पुढे पेट्यांमध्ये सुधारणा झाल्या, पण सगळ्या पेट्या सारख्या नाहीत. पुढच्या दाराला पाच शब्दांचे कुलूप आणि मागचे दार नुसते लोटलेले, असे कशाला? सेटिंगच्या पानावर डब्ल्यूपीएस दिसले की ते बंद करा.

पेटीचा दुसरा पासवर्ड

वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि पेटीचा पासवर्ड वेगळा. हे पुष्कळांना ठाऊक नसते. पहिल्याने फोन जोडला जातो. दुसऱ्याने सेटिंगचे पान उघडते.

पान उघडायचे असे. फोन वाय-फायला जोडलेला असू द्या. ज्या खिडकीत आपण काही शोधतो, तिच्या वरच्या पट्टीत एक आकडा टाइप करा. पेटीच्या खाली किंवा मागे चिकटवलेल्या कागदावर तो लिहिलेला असतो. पुष्कळ पेट्यांचा १९२.१६८.१.१ असतो. मग नाव आणि पासवर्ड विचारला जातो. तोही बहुधा त्याच कागदावर असतो. अनेक पेट्यांत नाव "ॲडमिन" आणि पासवर्डही "ॲडमिन"! कारखान्याने सर्वांना एकच किल्ली दिलेली, आणि ती साऱ्या जगाला ठाऊक.

मघाशी एक धोका पुढे सांगू म्हटले होते, तो हाच. जो या पानावर शिरला, तो पेटीचा मालक झाला. पेटीत एक पत्त्यांची सोय असते. तुम्ही बँकेचे नाव टाइप केले की, बँक कोठे आहे ते पेटी विचारून घेते आणि तुम्हाला तेथे नेते. पेटी कोणाला विचारते, तेच चोराने बदलले तर? तुम्ही नाव बरोबर लिहाल, पण पोचाल भलत्याच पानावर. पान हुबेहूब बँकेसारखे असेल. अशा वेळी फोन बहुधा "हे पान सुरक्षित नाही" असा इशारा देतो. आपण घाईत "पुढे चला" दाबतो. तसे दाबू नका. आणि पेटीचा हा दुसरा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. तोही लांब ठेवा. तो वाय-फायच्या पासवर्डापेक्षा वेगळा हवा, आणि तो कोणालाही, अगदी जावईबापूंनाही, देण्याचे कारण नाही. जावईबापूंना वाय-फाय हवे असते, पेटी नको असते.

त्याच पानावर "अपडेट" असा शब्द असतो. कुलपांतही मधून मधून खोट सापडते. २०१७ साली डब्ल्यूपीए-टूमध्येच एक सापडली. बेल्जियम देशातले संशोधक मॅथी व्हॅनहॉफ यांनी ती दाखवून दिली. पेटी आणि फोन बनवणाऱ्या कंपन्यांनी मग दुरुस्ती पाठवली. दुरुस्ती आली ती अपडेटच्या वाटेने. ज्यांनी अपडेट घेतले त्यांची खोट भरून निघाली. "आपोआप अपडेट" असा पर्याय दिसला तर तो चालू ठेवा. फोनचे अपडेटही टाळू नका.

शेजाऱ्याने मागितला तर?

आता सर्वांत अवघड गोष्ट. यंत्राची नव्हे, माणसांची.

तुमच्या घरी वाय-फाय आले, ही बातमी संध्याकाळपर्यंत आळीत पोचते. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू येतात. "काय हो वहिनी, आमच्या पोराचा शाळेचा अर्ज भरायचाय. जरा पासवर्ड द्या ना." नाही कसे म्हणणार? त्यांनीच तर बाळंतपणात रात्र काढली होती. पाहुण्याला पाणी द्यावे तसा आपण पासवर्ड देतो.

पण पाणी दिले की तांब्या परत येतो. पासवर्ड परत येत नाही. आणि तो एका फोनवर थांबतही नाही. हल्लीच्या फोनांत सोय अशी आहे, की जोडलेला फोन एक चौकटीचे चित्र दाखवतो आणि दुसरा फोन त्याच्यापुढे धरला की तोही जोडला जातो. काकूंच्या पोराने मित्राला दिले, मित्राने क्रिकेटच्या पोरांना दिले. आठवडाभरात दहा-बारा पोरे तुमच्या भिंतीला टेकून बसलेली दिसतात. ती काय पाहतात, काय पाठवतात, ते तुम्हाला माहीत नाही. नाव मात्र तुमचेच.

यावर पेटीतच एक उपाय आहे. त्याला "गेस्ट नेटवर्क" म्हणतात, म्हणजे पाहुण्यांचे वाय-फाय. एकाच पेटीतून दोन वाय-फाय निघतात. एक घरचे, एक पाहुण्यांचे. दोघांचे पासवर्ड वेगळे. पाहुण्यांच्या वाय-फायवरून इंटरनेट मिळते, पण घरातला कॅमेरा, टीव्ही, संगणक त्यांना दिसत नाही. ओसरीवर बसवले, माजघरात नेले नाही, असे समजा. या वाय-फायलाही कुलूप तेच लावा, डब्ल्यूपीए-टू किंवा थ्री. पासवर्ड सणावाराला बदला. जत्रा झाली, पाहुणे गेले, की बदला. कोणाला वाईट वाटत नाही, कारण सगळ्यांचाच बंद होतो. ज्याला खरी गरज असते तो पुन्हा येऊन मागतो.

मात्र गेस्ट नेटवर्क झाले म्हणून नावाचा प्रश्न सुटत नाही. पाहुण्यांच्या वाय-फायवरून गेलेलेही तुमच्याच नावावर जाते. म्हणून ज्याची ओळख आहे त्यालाच द्या. काकूंच्या पोराला अर्ज भरायचा आहे ना? मग त्याला म्हणा, "ये रे, इथे बस आणि भर." अर्ज होतो, चहा होतो, आणि पासवर्ड टाइप करायचे काम तुम्ही किंवा तुमचा मुलगा करतो. काम झाल्यावर त्याच्या फोनमधून तो काढायलाही तुम्हीच लावता. यात संकोच कसला? दुसऱ्याची मोटरसायकल मागताना आपण किल्ली घेतो आणि संध्याकाळी परत देतो, तसेच.

बदलल्यानंतर

पासवर्ड बदलून "सेव्ह" दाबले की घरातले सगळे फोन एकदम तुटतात. घाबरू नका. काही बिघडलेले नाही. प्रत्येक फोनमध्ये नवा पासवर्ड एकदा घालावा लागतो. टीव्ही असेल, कॅमेरा असेल, तर त्यांतही. म्हणून हे काम परीक्षेच्या आदल्या रात्री काढू नका. दुपारी, सगळे घरी असताना काढा. सेटिंगच्या पानावर जोडलेल्या फोनांची यादी दिसते. ती मोजा. घरात फोन चार आणि यादीत सहा असतील, तर आधी टीव्ही-कॅमेरे धरले का ते पाहा. तरी जास्त निघाले, तर पासवर्ड पुन्हा बदला.

पेटी जुनी झाली, कंपनी बदलली, तर पेटी परत जाते किंवा भंगारवाल्याकडे जाते. तिच्या पोटात तुमचे पासवर्ड तसेच असतात. पेटीच्या मागे एक बारीक भोक असते. त्यात "रीसेट"चे बटण असते. पेटी चालू असताना टाचणी किंवा आगपेटीची टोकदार केलेली काडी त्यात घाला आणि दिवे एकदम लुकलुकेपर्यंत, साधारण दहा ते पंधरा सेकंद, दाबून धरा. पेटी पुन्हा कारखान्यातून आली तशी कोरी होते. मग ती खुशाल द्या.